विचारलं तेवढंच सांगणारा साक्षीदार

त्याचं नाव गोनिओमीटर. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या तर जे दिसेल, ते त्याचं रूप. एक पट्टी जागेवर राहते, दुसरी फिरते, आणि दोघी जिथे भेटतात तिथे अंशांची चकती. बॅटरी नाही, पडदा नाही, आवाज नाही. पुण्या-मुंबईत फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींच्या अ‍ॅप्रनच्या खिशातही तो सापडतो, पण इथे त्याला फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकेत त्याची सरकारदरबारी वट आहे. तिथल्या माजी सैनिकांचं खातं म्हणजे वेटरन्स अफेअर्स, सगळ्यांच्या तोंडी ‘व्हीए’. या खात्याच्या अपंगत्व भरपाईच्या नियमावलीत ४.४६ क्रमांकाचं एक छोटं कलम आहे. सांध्याची हालचाल किती उणी झाली हे मोजायचं तर गोनिओमीटर अपरिहार्य आहे, असं ते सांगतं. इतक्या साध्या वस्तूच्या वाट्याला इतका भारदस्त शब्द कायद्यात क्वचितच येत असेल.

त्याचं काम खांद्यापाशी पाहावं. गुडघा, कोपर यांची कामं त्याच्या दृष्टीने सरळ. दार उघडतं, दार मिटतं. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. समोरून वर, बाजूने वर, आत वळ, बाहेर वळ. तपासनीस सैनिकाला उभं करतो, गोनिओमीटरचा मध्य खांद्याच्या टोकाच्या हाडावर धरतो, स्थिर पट्टी छातीच्या बाजूने खाली सोडतो आणि फिरती पट्टी दंडाच्या हाडाबरोबर वर नेतो. व्हीएच्या हिशेबी निरोगी हात बाजूपासून थेट डोक्यावर, म्हणजे १८० अंश जातो. आत आणि बाहेर वळण्याचे प्रत्येकी ९०. हात जिथे थांबला तिथला आकडा वाचायचा, कागदावर लिहायचा. संपलं.

त्या आकड्याच्या मागे काय काय असतं ते त्याला दिसत नाही. पॅराशूटने उतरताना चुकीचा पडलेला खांदा असतो. तोफखान्यात त्रेचाळीस किलोचे गोळे उचलून उचलून झिजलेले स्नायू असतात. पाठीवरच्या जड पिशवीचे पट्टे मज्जातंतूवर दाबून हात लुळा पडतो, त्याला अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी ‘रकसॅक’ पिशवीच्या नावाने स्वतंत्र नावच ठेवलं आहे. विमानाच्या पोटाखाली हात वर करून वर्षानुवर्षं नट पिळणारे तंत्रज्ञ असतात. यातल्या बहुतेकांनी नोकरीत असताना डॉक्टरकडे जाणं टाळलेलं असतं. पलटणीत दुखण्याची तक्रार करणाऱ्याकडे कसं पाहतात, हे साताऱ्याकडच्या मिलिटरी अपशिंगे या सैनिकांच्या गावात कुठल्याही पारावर विचारा. सातारा आणि टेक्सास यांत या बाबतीत फरक नाही. मग निवृत्तीच्या तपासणीच्या कागदावर खांद्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलं जातं, आणि पंधरा वर्षांनी तोच कागद विरोधात उभा राहतो.

अर्थात नोंद नाही म्हणजे दुखापत झालीच नाही, असं तिथला कायदा मानत नाही. २००६ साली ‘ब्युकॅनन विरुद्ध निकल्सन’ या खटल्यात फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की केवळ त्या काळचे वैद्यकीय कागद नाहीत एवढ्या कारणाने सैनिकाचं म्हणणं अविश्वसनीय ठरवता येत नाही. सोबतच्या जवानाने लिहून दिलेलं निवेदनही चालतं. पण दुखणं आज आहे, नोकरीत काहीतरी घडलं होतं आणि या दोघांत धागा आहे, या तीन गोष्टी जुळल्या की पुढचा प्रश्न ‘किती?’ आणि तिथे पुन्हा आपला दोन पट्ट्यांचा साक्षीदार पुढे येतो.

त्याच्या साक्षीचं मोल ठरवणारा तक्ता ५२०१ या क्रमांकाखाली आहे. हात खांद्याच्या पातळीपर्यंतच, म्हणजे ९० अंशांपर्यंतच उठत असेल तर अपंगत्वाचं रेटिंग २० टक्के. निम्म्यावर, ४५ अंशांवर थांबत असेल तर नेहमीच्या कामाच्या हाताला ३०, दुसऱ्याला २०. बाजूपासून २५ अंशांच्या वर जातच नसेल तर ४० आणि ३०. पूर्वी या तक्त्यातल्या दोन पायऱ्या नुसत्या शब्दांत होत्या: खांद्याच्या पातळीला, बाजू आणि खांदा यांच्या मधोमध. ७ फेब्रुवारी २०२१ पासून सुधारित नियमांत त्यांच्यापुढे ९० आणि ४५ हे आकडे लिहिले गेले. गोनिओमीटरला वाढदिवस असता तर मी हा धरला असता.

आता गंमत पाहा. एकाच खांद्यावर दोन तपासनीसांनी हे साधन लावलं तर पाच-एक अंशांचा फरक पडणं फिजिओथेरपीत कुणाला नवल वाटत नाही. रुग्णाच्या उपचारात त्याने काही बिघडतही नाही. पण उजव्या हाताने काम करणाऱ्या सैनिकाचा उजवा हात सकाळच्या तपासनीसाने ४५ वर वाचला आणि दुपारच्याने ५० वर, तर एकाच्या हिशेबाने ३० टक्के, दुसऱ्याच्या हिशेबाने २०. आणि व्हीएच्या नियमांत एकूण रेटिंग ३० टक्क्यांना पोचलं की बायको-मुलांसाठी जादा रक्कम सुरू होते. चकतीवरच्या पाच बारीक रेघा थेट घरखर्चात उतरतात. डाव्या हाताचं दैव आणखी विचित्र: तो ९० वर थांबला तरी २०, खाली ४५ पर्यंत आला तरी २०च. मधल्या पंचेचाळीस अंशांत सैनिकाने गमावलं ते सगळं फुकट.

उजव्या-डाव्याचा हा भेद ऐकून डावखुऱ्यांनी रागावू नये. नियम ‘उजवा’ म्हणत नाही, वापराचा हात म्हणतो. दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा कुणी असला तर ज्या हाताला इजा झाली तोच त्याचा वापराचा हात मानायचा, असं ४.६९ कलम सांगतं. नियमावल्या लिहिणाऱ्यांच्या हातून अधूनमधून अशी माया सुटते.

शेजारच्या ५२०० क्रमांकात तर मला चक्क माणसाचा वावर दिसतो. ते कलम खांदा पूर्ण गोठला असेल तेव्हाचं. गोठण्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या प्रकाराची खूण म्हणून तिथे दिलंय: हात ६० अंशांपर्यंत जातो, आणि तोंडापर्यंत व डोक्यापर्यंत पोचतो. घास घेता येतो, केस विंचरता येतात. हे ६० अंश कुठून येतात? आपण हात पूर्ण वर करतो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून मिळतात आणि ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकून. सांधा मेला तरी फरा बिचारा आपले साठ अंश देत राहतो. शरीरशास्त्र आणि कायदा इतके जवळ येताना फार वेळा दिसत नाहीत.

या साक्षीदाराचा दोष एकच: त्याला विचारलं तेवढंच तो सांगतो. हात कुठे थांबला? १५० वर. मग तो १५० सांगणार. दुखायला कुठे लागलं, हे विचारलं नाही तर सांगणार नाही. सैनिक बहुधा जन्मभर ‘वर कर’ म्हटलं की वर करणारा असतो. ८० अंशांवर खांद्यात सुरी फिरायला लागते आणि तरी दात आवळून तो हात १५० पर्यंत नेतो, कारण समोरच्या साहेबाने सांगितलंय. गोनिओमीटरला ते आवळलेले दात दिसत नाहीत. शिवाय तो भेटतो एका ठरलेल्या दिवशी, गरम खोलीत, विश्रांती घेतलेल्या खांद्याला. त्याच खांद्याची हिमवादळातली सकाळ किंवा गॅरेजचं दार ओढून झाल्यावरची संध्याकाळ त्याने कधीच पाहिलेली नसते. नोकरी कोणती, हेही तो विचारत नाही. छताला रंग देणारा आणि टेबलावर कागद हलवणारा, दोघांचे ९० अंश सारखेच, कारण भरपाई कमाईच्या सरासरी नुकसानीवर ठरते असं मूळ कायदाच सांगतो.

गंमत अशी की नियमावलीला हे ठाऊक होतं. गोनिओमीटरला अपरिहार्य म्हणणाऱ्या कलमापासून फार दूर नसलेलं ४.५९ तपासनीसाला बजावतं की सांधा हलवताना, दाबताना चेहऱ्यावर काय उमटतं, माणूस कळवळतो का, हे नीट टिपून ठेवा. ४.४० म्हणतं की वापरताना दुखणारा अवयव गंभीरपणे निकामी झालेला समजावा. कलमं होती, पण ती बंधनकारक म्हणून वाचणारं कुणी नव्हतं. १९८८ पर्यंत व्हीएने भरपाईच्या दाव्यावर दिलेल्या निकालाविरुद्ध कोर्टात जायची वाटच अमेरिकन सैनिकाला नव्हती. दाव्यासाठी वकिलाने किती पैसे घ्यावेत याची मर्यादा १८६४ पासून दहा डॉलर होती, आणि महायुद्धं दोन झाली तरी ती दहाच राहिली. दहा डॉलरांत कोण वकील येणार? १९८८ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी वेगळं न्यायालय दिलं, आणि सात वर्षांत त्या न्यायालयापुढे एक डावा खांदा आला.

‘डेलुका विरुद्ध ब्राऊन’, १९९५. डेलुका या सैनिकाचा खांदा मोजला गेला होता, आकडा लिहिला गेला होता, निकालही झाला होता. न्यायालयाने विचारलं ते आकड्यापलीकडचं. वापराने दुखणं वाढतं तेव्हा काय होतं? दुखणं उसळतं, ज्याला तिथे सगळे ‘फ्लेअर-अप’ म्हणतात, त्या दिवसांत हा हात किती उठतो? थकवा, अशक्तपणा, हालचालीतला अडखळा यांनी आणखी किती अंश जातात? शक्य असेल तर हे नुकसानही अंशांतच सांगा. म्हणजे साक्षीदार तोच, उलटतपासणी नवी.

यातल्या ‘ब्राऊन’चीही ओळख करून द्यायला हवी. व्हीएविरुद्धच्या अशा खटल्यात त्या वेळचा मंत्री नावाला प्रतिवादी असतो. १९९५ साली तो होता जेसी ब्राऊन. तरुणपणी मरीन म्हणून व्हिएतनाममध्ये गेला होता आणि १९६५ साली दा नांगजवळ जखमी होऊन त्याचा उजवा हात अंशतः लुळा पडला होता. मंत्री होण्यापूर्वी त्याची हयात गेली ती अपंग माजी सैनिकांच्या संघटनेत, त्यांचेच दावे लढवण्यात. त्याच्या नावाने हरलेला हा खटला खांद्याच्या प्रत्येक अपिलात आजही उद्धृत होतो. त्याला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

नंतरच्या वर्षांत प्रश्नांची यादी वाढत गेली. मधेच २०११ च्या ‘मिचेल’ निकालाने थोडा लगाम घातला: नुसतं दुखतं म्हणून वरचं रेटिंग मिळणार नाही, त्या दुखण्याने हालचाल किंवा वापर प्रत्यक्ष कमी झाला पाहिजे. हे मला रास्त वाटतं. नाहीतर मोजमापाला अर्थच उरणार नाही. २०१६ च्या ‘कोरेया’ने सांगितलं की स्वतः उचलून आणि तपासनीसाने उचलून, भार घेऊन आणि भाराविना, असं सगळं तपासा, आणि शक्य तिथे धडधाकट बाजूच्या सांध्याशी ताडून पाहा. गुडघ्यावर भार म्हणजे काय हे कुणालाही कळतं. खांद्यावर भार घेऊन मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर तपासनीसाने डोकं खाजवलं तर त्याला दोष देऊ नये. २०१७ च्या ‘शार्प’ने तपासनीसांची एक आवडती पळवाट बंद केली. फ्लेअर-अप आज माझ्यासमोर झालेला नाही, त्यामुळे अंदाज सांगता येत नाही, एवढं लिहून मोकळं होता येत नाही. सैनिकाला विचारा: किती वेळा होतो, किती वेळ टिकतो, तेव्हा काय जमत नाही, कागद वाचा आणि अंदाज द्या. वर्षानुवर्षं ज्याला फक्त आकडे वाचायची सवय, त्या तपासणीला आता गोष्ट ऐकावी लागते.

आणि ४.५९ चा सौम्य नियम आहेच. हात ९० च्या वर जात असला, तक्त्यात बसत नसला, पण हालचाल खरोखर दुखरी असली तर त्या सांध्याचं किमान रेटिंग द्यायचं. ५२०१ खाली ते २० टक्के. इथे गोनिओमीटर १७० म्हणाला तरी चालतं, चेहरा जिंकतो.

दुसरीकडे ५२०१ चा तक्ता सैनिकाला निराशही करतो. हात समोरून उठत नाही आणि बाजूनेही उठत नाही, तर दोन रेटिंगं द्या, असं मागणाऱ्याला २०१३ च्या ‘योनेक’ निकालाने नकार दिला. एका खांद्याला ५२०१ खाली एकच. दोन्ही खांदे गेले असतील तर मात्र हिशेब वेगळा आणि जरा वाकडा: ३० आणि २० मिळून ५० नाही. आधी ३० काढा, उरले ७०, त्याचे २० टक्के १४, मिळून ४४. दोन्ही हातांना इजा म्हणून त्यात त्याचाच दहावा भाग, म्हणजे ४.४ मिळवा. झाले ४८.४, जवळचा दहाचा आकडा ५०. शेवटी ५०च आले, पण वाटेत सैनिकाचा जीव गेला.

आपल्याकडचं चित्र थोडक्यात सांगायला हवं, कारण मराठी वाचकाच्या घरात माजी सैनिक असतोच. भारतीय लष्कराच्या ‘शेप’ वर्गवारीत हात-पाय ‘ए’ अक्षराखाली येतात आणि खांद्याचा दोष त्यातल्या वरच्या अवयवांत नोंदला जातो. पण इथली लढाई अंशांची नसते. जुन्या पद्धतीत २० टक्क्यांपासून ५० च्या आतलं अपंगत्व पेन्शनसाठी ५० धरलं जाई. मग पाच अंश इकडे काय नि तिकडे काय. इथे भांडण असतं ते दुखणं नोकरीमुळे झालं वा वाढलं की नाही, यावर. २०१३ च्या ‘धरमवीर सिंग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरती होताना नोंद नसलेलं दुखणं सेवेमुळे आलं असं गृहीत धरण्याच्या बाजूने कौल दिला, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणात आजही तो निकाल रोज वाचला जातो. भारतीय मेडिकल बोर्डात गोनिओमीटरला काम आहे, मुख्य भूमिका नाही.

माझं मत विचाराल तर मी या दोन पट्ट्यांच्या बाजूचा आहे. तो नसता तर खांदा डोळ्यांच्या अंदाजाने मोजला गेला असता, आणि तपासनीसाचा अंदाज सैनिकाच्या कातडीचा रंग, हुद्दा, बोलण्याची ढब यांवर हलला असता. गोनिओमीटर जनरलला आणि शिपायाला एकच रेघ दाखवतो. खोटं त्याने कधी सांगितलं नाही. त्याच्या नावावर जे अन्याय झाले त्यांतले बरेच त्याला दुसरा प्रश्न न विचारणाऱ्यांनी केले. म्हणून व्हीएच्या वॉशिंग्टनमधल्या अपील मंडळातून खांद्याची प्रकरणं पुन्हा तपासणीसाठी परत जातात तेव्हा अनेकदा त्यात लिहिलेलं असतं की आकडा आहे, पण फ्लेअर-अपचं उत्तर नाही. स्वतः उचलल्याचा आकडा आहे, दुसऱ्याने उचलल्याचा नाही. मग सैनिकाला पुन्हा पत्र, पुन्हा तारीख, पुन्हा तोच प्लास्टिकचा साक्षीदार. कायद्याने संशयाचा फायदा सैनिकाला दिला आहे, दोन्हीकडचा पुरावा तुल्यबळ असेल तर निकाल त्याच्या बाजूने. पण पारड्यात पुरावाच अर्धा असेल तर फायदा द्यायचा कशाचा?

अमेरिकी सैन्यात नोकरी केलेला मराठी माणूस तुमच्या ओळखीत असेल आणि त्याचा खांद्याचा दावा चालू असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगा. तपासणीच्या खोलीत शौर्य दाखवू नकोस. दुखायला लागलं त्या अंशावर तोंडाने सांग आणि वाईट दिवशी काय जमत नाही ते लिहून ने. निकाल आल्यावर अहवालाची प्रत मागव आणि त्यात वापरानंतरचा, फ्लेअर-अपमधला आणि दुसऱ्याने उचललेला आकडा आहे का ते पाहा. नसेल तर १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या पद्धतीत तीन वाटा आहेत: नवा पुरावा देऊन पुरवणी दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा अपील मंडळ. वाट कोणतीही घेतली तरी मूळ अर्जाची तारीख टिकवायची तर निकालपत्राच्या तारखेपासून मुदत एक वर्षाची आहे.